बायकोच्या नावावर

१२ जानेवारी, रविवार

शिरड शहापूरला जाऊन आले. सकाळची एस.टी., परतीची चारची. कमलकडे जेवण. बाजरीची भाकरी, तीळ लावून. वांगी. वरून दही. परभणीच्या हॉस्टेलमध्ये हीच मुलगी स्टोव्हवर भात करपवायची आणि खोलीतल्या आम्ही तिघी तो खायचो. आता तिच्या हातचं जेवायला मी एस.टी.ने जाते.

निवृत्तीपासून रविवार असा जातो. बाकीचे सहा वार कसे जातात ते लिहिण्यासारखं नाही.

जेवताना दिगंबररावांनी बातमी दिली. कमलचे यजमान आणि आमच्या, शेतकऱ्यांच्या शेअरवर उभ्या हळद कंपनीचे चेअरमन. आनंद झाला की त्यांना बसवत नाही. हात धुवायच्या आधीच उठून उभे राहिले.

"ताई, दुबईचे लोक येऊन राहिले. आपल्या कंपनीत पैसा घालतो म्हणतात. हळद शिजवायचं वाफेवरचं मोठं युनिट, पॉलिश, पॅकिंग, सगळं."

"दुबईचे म्हणजे कोण?"

"दुबईचे म्हणजे दुबईचे!"

कमल हसली. मीही हसले. त्यांना एवढं खूश फार दिवसांनी पाहिलं.

२० जानेवारी, सोमवार

एमआयडीसीतल्या ऑफिसात संचालक मंडळाची बैठक. पाचांपैकी चार हजर. दि.राव, त्यांचे चुलतभाऊ सोपानराव, पुसेगावकडच्या तांड्यावरचे प्रेमसिंग राठोड, मी. पाचवी कमल. ती कधीच येत नाही. रजिस्टर सहीसाठी तिच्या घरी जातं.

दुबईवाल्यांचा माणूस आला होता. देसाई, पुण्याचा. गोड बोलतो. गोदामातून आल्यामुळे बूट पिवळे झाले होते, सारखं तिकडे पाहत होता.

मी विचारलं, पैसा घालणाऱ्या कंपनीचा मालक कोण.

"सिंगापूरची एक कंपनी आहे, मॅडम."

"तिचा मालक?"

"एक फॅमिली ट्रस्ट."

"ट्रस्ट कोणाचा?"

"मॅडम, तिथपर्यंत सहसा कोणी विचारत नाही."

"मी विचारते. शेवटच्या जिवंत माणसापर्यंत नावं द्या. कोणत्या देशाचा नागरिक, तेही."

प्रेमसिंग म्हणाले, "म्याडम, सोयरीक करून राहिल्या का काय? एवढी चौकशी तर म्या जावयाची बी केली न्हाई."

सगळे हसले. "म्हणून तो तुमच्याकडेच राहतो," असं मी म्हटलं. हसणं थांबलं.

खरं होतं, पण म्हणायला नको होतं. बँकेत तीस वर्षं काढल्यावर जीभ अशी होते की आधीपासूनच अशी होती, कोण जाणे. दि.राव एकदा म्हणाले होते, तुमाला कंपनीत घेतलं ते त्या जिभेसाठीच. आज तसं म्हणाले नाहीत.

३० जानेवारी, गुरुवार

देसाईंचा तक्ता आला. चौकोन आणि बाण. खाली आमची कंपनी, वर दुबई, त्याच्यावर सिंगापूर, त्याच्यावर ट्रस्ट, आणि सगळ्यात वर तीन नावं. दोघे सिंगापूरचे नागरिक. तिसरा चीनचा.

तीनदा वाचलं. तिसरा चीनचाच.

आपल्या सीमेला लागून असलेल्या देशाचा माणूस मागे असेल तर पैसा थेट घेता येत नाही. आधी दिल्लीची परवानगी. मग तो पैसा दुबईहून येवो की आणखी कुठून.

देसाईंना फोन केला. "मॅडम, त्यांचा वाटा अगदी लहान आहे हो." जणू काही तो माणूसच लहान आहे.

३ फेब्रुवारी, सोमवार

नांदेडच्या कंपनी सेक्रेटरी कुलकर्णींशी बोलले. कंपनीचं कायद्याचं काम तेच बघतात. किती टक्क्यांपासून माणूस खरा मालक धरायचा, हे त्या नियमात लिहिलेलंच नाही म्हणाले. "कोणी दहा धरतं, कोणी पंचवीस. सावध बँक एक टक्काही सोडत नाही."

"आपली बँक?"

"सावध आहे, मॅडम."

दिल्लीला किती वेळ? सहा महिने. वर्षही. हो म्हणतीलच असं नाही.

दुसरी गोष्ट विक्रीच्या कराराची. आमची हळद दुबईवाले घेणार आणि ते सांगतील त्या बंदरात ती उतरणार. कोणतं बंदर, ते करारात नाही. हळद ही खायची वस्तू, तिच्यावर कोणाची बंदी नाही. पण पैसे ज्या बँकेतून येतील किंवा माल ज्या जहाजात चढेल, ते अमेरिकेच्या निर्बंधांच्या यादीत निघालं तर आमचे पैसे मधल्याच बँकेत बसून राहणार. फॉरेन एक्स्चेंजच्या टेबलावर असताना तांदळाच्या एका व्यापाऱ्याचं असं झालेलं पाहिलं आहे. भला माणूस. रोज येऊन समोरच्या खुर्चीत बसायचा. काही विचारायचा नाही. नुसता बसायचा.

कुलकर्णींना कलम घालायला सांगितलं: बंदर, जहाज, बँक, तिन्हींची नावं माल निघायच्या आधी. संध्याकाळी देसाई कबूल झाले. म्हणजे हे मिटलं. मालकाचं मिटायचं आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

शिरड. जेवणं चालू असतानाच दि.रावांनी तोडगा सांगितला. देसाईंनी काढलेला.

"तो चिनी माणूस आपला वाटा बायकोच्या नावावर करून देतो म्हणतो. बायको सिंगापूरची. झालं ना मग? दिल्लीचा संबंधच न्हाई."

मी म्हटलं, "पैसा त्याचा. ठरवणार तो. तिचं फक्त नाव."

"मग?"

"मग मालक तोच."

"अहो ताई, आपल्याकडं न्हाई का करत?"

ते मुद्दाम बोलत नव्हते. खरंच कोड्यात पडले होते. त्यांच्या दृष्टीने बायकोच्या नावावर करणं ही लपवाछपवी नाही, रीत आहे. सगळ्या तालुक्याची आहे. कमलच्या नावावर कंपनीचे शेअर आहेत, पाच एकर वावर आहे, संचालकपद आहे.

कमल त्या वेळी मला भाकरी वाढत होती. मी ताटाकडे पाहिलं. ती भाकरीकडे पाहत असावी.

परत निघताना दि.राव नेहमी जीपने स्टँडवर सोडतात. आज त्यांना फोन आला, बोलत बोलत ते मागच्या अंगणात गेले. मी थोडा वेळ दारात उभी राहिले. मग चालत गेले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बैठक. देसाईही होते. मी दोन वाटा मांडल्या. एक, दिल्लीला अर्ज करायचा आणि थांबायचं. दोन, बायकोच्या नावाचा कागद खरा मानून पैसा आताच घ्यायचा. दुसरी वाट घेतली आणि पुढे उघडं पडलं तर दंड कंपनीला आणि संचालकांनाही.

प्रेमसिंग म्हणाले, "म्या बी अर्धं वावर बायकोच्या नावावर केलं, म्याडम. तिला अजून ठाऊक न्हाई कोणतं अर्धं."

हशा. देसाई सगळ्यात मोठ्याने हसले.

मग प्रेमसिंगांनीच विचारलं, "पकडलं तर धरतात कोणाला?"

"सही करणाऱ्या प्रत्येकाला."

ते टेबलावर बोट फिरवत म्हणाले, "तांड्यावरच्या लोकांनी शेअर कागद पाहून न्हाई घेतले. माझं तोंड पाहून घेतले. दिगंबरराव, म्या न्हाई म्हणतो. दिल्लीला लिहा."

सोपानरावांना विचारलं. "दादा म्हणतील तसं."

म्हणजे दोन आणि दोन. दि.रावांनी इतिवृत्त लिहिणाऱ्याला सांगितलं, "कमलची संमती हायेच. लिहा, सर्वानुमते मंजूर."

मी म्हटलं, गैरहजर माणसाचं मत धरता येत नाही. आणि दोघांचा विरोध असताना सर्वानुमते कसं?

"आजवर सगळं सर्वानुमतेच झालं, ताई." आवाज चढवला नाही. दुखावले. मी त्यांच्या अंगणातली रांगोळी पुसली असावी तसं पाहिलं माझ्याकडे.

पुढची बैठक १० मार्चला. कमलने स्वतः यायचं, स्वतः मत द्यायचं. ती सांगेल ते होईल.

१६ फेब्रुवारी, रविवार

शिरडला गेले नाही. फोन आला नाही म्हणून गेले नाही.

खरं तर फोन कधीच येत नसे. न विचारताच जात होते.

१९ फेब्रुवारी

आज दिवसभरात फक्त भाजीवालीशी बोलले. मेथीविषयी.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बँकेतून फोन. नांदेडच्या शाखेत या कामावर एक तरुण मुलगी आहे. चटपटीत. आवडली. म्हणाली, दुबईवाल्यांच्या मागे कोण हे आम्ही विचारतो तसंच तुमच्या कंपनीच्या मागे कोण, हेही विचारावं लागतं. चेअरमनसाहेबांनी फॉर्म भरून पाठवला आहे. "तुम्ही एकदा बघता का, मॅडम? मला काही कळत नाही."

फोटो पाठवला. दि.रावांचं अक्षर, गोल, मराठीतून. पाच संचालकांची नावं आणि पुढे रकाना: 'या व्यक्तीच्या वतीने निर्णय कोण घेते?'

स्वतःच्या नावापुढे: स्वतः.
प्रेमसिंग: स्वतः.
सोपानराव: चेअरमन बघतात.
कमल: पती बघतात.
माझ्या नावापुढे: कोणी नाही.

त्या मुलीला हसू येत होतं, दाबत होती. "मॅडम, मग यातले दोघं संचालक आहेत की नाहीत?"

मी सांगितलं, कोऱ्या प्रती पाठवा, प्रत्येक जण आपल्या हाताने लिहून देईल.

रीतसर उत्तर दिलं. फोन ठेवला. मग तो फोटो परत उघडला.

'स्वतः' लिहिता आलं असतं. प्रेमसिंगांपुढे लिहिलंच आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

घरीच. दुपारी कमलसाठी मुद्दे काढले. नियम काय, धोका काय, बैठकीत उभं राहून काय बोलायचं. सोपी वाक्यं. एकाच पानात बसवलं. सुवाच्य अक्षरात परत उतरवलं.

चार वाजले, शिरडहून परतीच्या एस.टी.ची वेळ झाली, तेव्हा कळलं की आपण पर्स खांद्याला लावून बसलो आहोत.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

गेले. न विचारता.

गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, सगळे औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला. औंढ्यात गाडी रिकामी झाली. पुढे शिरडपर्यंत खिडकीशी बसून गेले.

दि.रावही देवळात गेलेले. बरं झालं. कमल भगर आणि शेंगदाण्याची आमटी करत होती. मला पाहून म्हणाली, "आलीस? मला वाटलं आता येतच न्हाई." आणि लगेच, "मीठ अंदाजानं पाहा गं, नैवेद्याच्या आधी चाखता येत न्हाई." दोघींनी अंदाजाने घातलं.

फॉर्मचा फोटो दाखवला. चष्मा लावून वाचला. हसली.

"खरंच हाय ना. दूध किती घ्यायचं तेवढं मी बघते. बाकी पती बघतात." मग खालची ओळ वाचली. थांबली. "तुझ्यापुढं असं लिहायला नको होतं त्यांनी."

मी म्हटलं, ते जाऊ दे. आणि मुद्द्यांचं पान काढून तिच्या हातात दिलं. समजावून सांगायला लागले. पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा. चांगली दहा मिनिटं बोलले असेन. आमटी उतू गेली तेव्हा थांबले.

तिने गॅस बारीक केला. पान घडी करून मला परत दिलं.

"त्यांनी सांगितलं, हात वर कर. तू सांगून राहिली, हात वर करू नको. विजू, दोघांपैकी एकानं तरी विचारलं का मला?"

"कमल, मी तुझ्या भल्यासाठी..."

"ते बी असंच म्हणतात. भल्यासाठीच." आवाजात राग नव्हता. "तू लिहिलेलं मी तिथं जाऊन वाचलं तर त्या रकान्यात काय लिहायचं? मैत्रीण बघते?"

मी पानाची घडी पर्समध्ये ठेवली.

नैवेद्य दाखवून भगर खाल्ली. आमटीत मीठ कमी होतं. दि.राव यायच्या आत निघाले.

२७ फेब्रुवारी

ते पान फाडलं नाही. टेबलाच्या खणात आहे. मुद्दे बरोबर आहेत. हीच तर पंचाईत आहे.

१ मार्च, शनिवार

सकाळी दारात दि.राव. एवढ्या वर्षांत माझ्या घरी पहिल्यांदा. भाऊबीजेला ओवाळायला मीच शिरडला जाते. खुर्चीच्या कडेवर बसले. चहा नको म्हणाले. मी केला. घेतला.

"ताई, हळद काढून लोक बसून राहिले. हंगाम हातातून चालला. देसाई आता वाशीमवाल्यांशी बोलून राहिले म्हणतात."

"बोलू देत. तिथेही त्यांना हाच नियम लागणार."

"तिथं तुमच्यासारखं कोणी नसंल."

त्यांनी कप खाली ठेवला.

"तुमी कागद पाहून राहिल्या. मी माणसं पाहून राहिलो. ह्या मशिनी आल्या तर आपल्या पोरायला पुण्याला जाऊन दुसऱ्याचे डबे पोचवायची पाळी येणार न्हाई. मला ह्याच्यात काय मिळून राहिलं, सांगा ना. काहून अडवता?"

त्यांना काही मिळत नाही, हे खरं आहे. लबाड असते तर मला सोपं गेलं असतं. मी सांगितलं, अर्ज करू, मी स्वतः दिल्लीच्या मागे लागते, रोज फोन करते. मान हलवत राहिले.

उठताना माझ्याच्याने राहवलं नाही. "त्या फॉर्मात माझ्यापुढे 'कोणी नाही' लिहिलंत."

"हां. मग?"

"प्रेमसिंगांपुढे 'स्वतः' लिहिलंत."

त्यांना अजून कळेना. मग म्हणाले, "अहो, प्रेमसिंग कधी कधी तांड्याचं ऐकतो, बायकोचं ऐकतो. तरी बी स्वतः लिहिलं. तुमच्यावर कोणाचाच जोर न्हाई. म्हणून तसं लिहिलं. मानानं लिहिलं, ताई."

कप स्वतः विसळून ओट्यावर ठेवला आणि गेले.

मानाने लिहिलं.

दिवसभर काही सुचलं नाही.

५ मार्च, बुधवार

कमलचा फोन नाही. मीही केला नाही. केला तर विषय निघणार आणि निघाला तर मी बोलणार.

एक सोपी वाट आहे. दहा तारखेला मी गेले नाही तर प्रेमसिंग एकटे पडतील. कमल काही बोलली नाही तरी ठराव पास. माझी सही नाही. रविवार परत सुरू. अकोल्याला बहिणीकडे लग्न आहे असं कळवायचं.

बहीण नाही. हे दि.रावांना माहीत आहे.

७ मार्च, शुक्रवार

प्रेमसिंगांचा फोन. "म्याडम, म्या फिरणार न्हाई. तुमी फिरल्या तर आधी सांगजा, म्या बी तब्येतीचं कारण काढीन." हसत होते. ओळखलं की काय. जावयाला हळद कंपनीत वजनकाट्यावर ठेवता येईल का म्हणून विचारलं. मी म्हटलं, चौकशी करून सांगते. दोघेही हसलो.

एवढंच या आठवड्यातलं हसू.

१० मार्च, सोमवार

कमल आली.

जीपमधून उतरली, पदर सावरला, चष्म्याची पेटी हातात. ऑफिसात ती कधी आलेली नव्हती. कुठे बसायचं कळेना. लिहिणाऱ्याने दि.रावांच्या शेजारी खुर्ची ठेवली, तिथे बसली. माझ्याकडे पाहिलं नाही.

मी माझं म्हणणं मांडलं. दि.रावांनी त्यांचं. चांगलं बोलले. देसाई म्हणाले, "वहिनी, तुम्ही फक्त हो म्हणा, बाकी सगळं साहेब बघतील."

कमलने विचारलं, "ती बाई, जिच्या नावावर करून राहिले, तिला विचारलं का?"

"कोण बाई?"

"सिंगापूरची. त्या माणसाची बायको. तिच्या नावावर काय येऊन राहिलं, तिला ठाऊक हाये का?"

देसाई हसले. "वहिनी, त्यांचं घरगुती आहे ते."

"व्हय, घरगुतीच." ती इतरांकडे वळली. कोणी हसत नव्हतं. सोपानराव पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे पाहत होते. "मला कागद द्या. सगळे. वाचून सांगते."

दि.राव हळूच म्हणाले, "घरी गेल्यावर मी सांगतो ना तुला समजावून."

"समजावू नका. वाचते. परभणीला बी.ए. झाली मी. इंग्रजी घेऊन." मग जरा थांबून, "बरंच विसरले. वेळ लागंल."

माझ्याकडे त्या कागदांचा अर्थ लिहिलेला संच होता, मराठीत. पुढे करणार होते. हात पर्सपर्यंत गेला. राहू दिला.

बैठक अठरा तारखेला. तोवर देसाई थांबतात की नाही, पाहायचं. जाताना म्हणाले, इतके दिवस थांबणं अवघड आहे. मूळ कागदांचा गठ्ठा कमलने मांडीवर घेतला आणि जीपमध्ये पुढे बसली. काच वर होती. मी हात केला तो तिला दिसला की नाही कळलं नाही.

घरी आले. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं की हरल्यासारखं, तेही ठरेना. ती 'हो' म्हणाली तर मी विरोध नोंदवून राजीनामा देणार, हे पक्कं आहे. 'नाही' म्हणाली तर तिला त्या घरात राहायचं आहे. मी चारच्या गाडीने परत येते. ती येत नाही.

१२ मार्च, बुधवार

कुलकर्णी विचारत होते, वहिनींचं मत काय दिसतं. माहीत नाही म्हटलं. "तुमच्या मैत्रीण ना, मॅडम?" हो म्हटलं.

१३ मार्च, गुरुवार. होळी

पुरण घातलं नाही. एका माणसासाठी पुरण शिजत नाही, उरतं.

संध्याकाळी गल्लीत होळी पेटली तेव्हा फोन वाजला. कमल. नमस्कार नाही, काही नाही.

"विजू, एक शब्द अडला. 'कंट्रोल'. म्हणजे नियंत्रण, ते कळतं. पण कागदात थेट नियंत्रण म्हणतात, आडून नियंत्रण म्हणतात. नेमकं काय धरायचं?"

"ज्याच्या हो-नाहीवर गोष्ट होते किंवा अडते, त्याचं नियंत्रण. नाव कोणाचंही असो."

"एवढंच?"

पुढे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. तोंडाशी आलं होतं. "एवढंच," म्हटलं.

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज. लांबून दि.रावांचा. "झालं का गं वाचून?"

"न्हाई झालं. तुमी जेवून घ्या." मग मला, "ह्या रविवारी येऊ नको. निम्मंच झालं."

"बरं."

"आलीस तर तू बोलशील."

"बरं म्हटलं ना, कमल."

"ठेवते. तव्यावर पोळी हाय."

फोन बंद झाला. ती हो म्हणणार की नाही म्हणणार, तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही.